संगणकाच्या खोलीची किल्ली

संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा विषयासाठी आम्हांस दूर जावे लागले नाही. संस्थेच्या पुढील कार्याचे जे टिपण विश्वस्तांनी शिक्षकांकडे अभिप्रायासाठी पाठविले आहे, त्यात 'डिजिटल वर्ग' हे पहिलेच कलम आहे. चार वर्गांच्या भिंतींवर चार मोठे पॅनेल बसवावेत, त्यांवर विकत घेतलेले चलचित्र-पाठ दाखवावेत आणि या कामी उपासक-उपासिकांनी सढळ हाताने दान द्यावे, असा त्या कलमाचा आशय आहे. दात्यांचा हेतू निर्मळ आहे. त्यांतील कित्येक जण अशाच वसतिगृहांची भाकरी खाऊन मोठे झाले आहेत आणि आपल्याला जे मिळाले नाही ते पुढच्या पिढीला मिळावे, एवढीच त्यांची आस आहे. तरीही या कलमाशी आम्ही सहमत नाही. आमचा विरोध संगणकाला नाही. या योजनेत संगणक मुलांच्या हाती पडतच नाही, हा आमचा आक्षेप आहे.

आपल्या शाळेत येणारी मुले कोणाची, हे येथील वाचकांस सांगावयास नको. परंतु स्मरणिका पुण्या-मुंबईसही जाते, म्हणून थोडे लिहितो. नेवासा तालुका पाटपाण्याचा आणि उसाचा. सोनई व भेंडे येथे सहकारी साखर कारखाने आहेत. ज्यांच्या शेतात ऊस उभा राहतो त्यांची मुले नगरला नाही तर पुण्याला इंग्रजी माध्यमात जातात. तो ऊस जे तोडतात त्यांची मुले आपल्याकडे येतात. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन निघतात, पाच-सहा महिने कारखान्याच्या तळावर कोप्या करून राहतात, आणि मागे राहिलेल्या लेकराला वसतिगृह हेच घर होते. उरलेली मुले शेतमजुरांची, वीटभट्टीवर राबणाऱ्यांची, काही नगरच्या एमआयडीसीत कंत्राटावर असणाऱ्यांची. या घरांत संगणक नाही. फोन आहे, एकच, आणि तो बापाच्या खिशात.

मार्च २०२० मध्ये वसतिगृहे रिकामी झाली तेव्हा त्या एका फोनची किंमत सर्वांस कळली. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी राज्याची घोषणा होती. शिक्षक सकाळी व्हॉट्सॲपवर अभ्यास पाठवीत. बाप सायंकाळी कामावरून परतल्यावर तो मुलाच्या दृष्टीस पडे, आणि तोवर दिवसाचा डेटा तरी संपलेला असे किंवा बॅटरी तरी. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ साली, देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. शहरी कुटुंबांपैकी २३.४ टक्क्यांकडे. इंटरनेटची सोय ग्रामीण भागात १४.९ टक्के कुटुंबांना आणि शहरांत ४२ टक्के कुटुंबांना होती. हे आकडे टाळेबंदीच्या आधीच छापलेले होते. ज्यांनी अभ्यास फोनवर नेला त्यांस ते ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. सह्याद्री वाहिनीवरील 'टिलिमिली' मालिकेने त्या दिवसांत कित्येक घरांत थोडीफार शाळा पोचविली, हे मात्र कृतज्ञतेने नोंदविले पाहिजे. दूरदर्शन संच हे जुने, साधे यंत्र त्या वर्षी नव्या यंत्रांपेक्षा अधिक न्यायी ठरले.

आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. वर्गात कोणती वस्तू आहे याहून ती कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो, आणि तो प्रश्न संगणकाबरोबर जन्मास आलेला नाही. साताऱ्याच्या शाळेत पाण्याचा नळ होता. स्पृश्य मुले तहान लागली की जाऊन पाणी पीत. भीमराव नावाच्या मुलास त्या नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिक्षकांची परवानगी मिळूनही भागत नसे, शिपायाने येऊन नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसला तर तहान तशीच राही. ही हकीकत बाबासाहेबांनीच आपल्या आत्मकथनपर लेखनात नोंदविली आहे. त्या शाळेची पाहणी करावयास कोणी अधिकारी आला असता तर त्याने तक्त्यात 'नळ : आहे' एवढेच लिहिले असते, आणि ते खोटेही ठरले नसते.

पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात तोच मुलगा शिकू लागला. त्या काळाचे वर्गातील मोठे साधन म्हणजे फळा. शिक्षकांनी भीमरावास गणित सोडविण्यासाठी फळ्याकडे बोलाविले तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे बाटतील या भयाने मुलांनी धावत जाऊन ते हलविले, असे चरित्रकार सांगतात. फळा सर्वांसाठी होता. खडू हाती घ्यावयास एका मुलाला मात्र वर्गभर खळबळ माजवावी लागली. पण ती माजली म्हणूनच त्या मुलाने फळ्यावर लिहिले, हे विसरू नये. आपल्या नियोजित डिजिटल वर्गात कोणालाही खडू मिळणार नाही. साठ मुले बसून पाहतील आणि पॅनेलचा रिमोट शिक्षकांच्या टेबलाच्या कप्प्यात राहील.

देशपातळीवरची माहिती पाहू. शासनाच्या यूडायस प्लस अहवालानुसार २०२३-२४ साली देशातील ५७.२ टक्के शाळांत चालू स्थितीतील संगणक होता आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट. म्हणजे दहापैकी चार शाळांना संगणकच नाही, ही झाली एक बाजू. परंतु ज्या सहा शाळांत तो आहे तेथे त्याला कोण हात लावतो, हे अहवालाच्या कोणत्या रकान्यात सापडणार? महाराष्ट्रात केंद्राच्या आयसीटी योजनेखाली तीन टप्प्यांत मिळून आठ हजार शाळांत संगणक कक्ष उभारण्याचे काम झाले. उभारणीचे कंत्राट कंपन्यांकडे. संगणक शिकविणारा तरुण शाळेचा नव्हे, कंपनीचा. मुदत पाच वर्षांची. मुदत संपली, तरुण घरी गेला. यांतील कित्येक जण आपल्या हक्कासाठी मुंबईच्या आझाद मैदानावर जाऊन बसले. मागे यंत्रे राहिली. आमच्या माहितीतील एका शाळेत त्या यंत्रांवर प्लॅस्टिकची आच्छादने घालून खोलीला कुलूप लावण्यात आले. तपासणीच्या दिवशी कुलूप निघे, आच्छादने निघत, धूळ पुसली जाई. 'मुले बिघडवतील' हे कारण सांगितले जाई. मुलांच्या हातून एकही यंत्र बिघडले नाही, हे खरे. सर्व यंत्रे न वापरताच बिघडली.

गरिबांच्या मुलांना यंत्र द्यावे आणि बाजूस व्हावे, ही कल्पना काही आपल्याच शासनाची नाही. अमेरिकेतील निकोलस निग्रोपॉन्टी यांनी शंभर डॉलरांत प्रत्येक मुलाला लॅपटॉप देण्याची मोहीम काढली. आपल्या केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याने २००६ साली ती नाकारली. तरी २००७ साली तिचा देशातील पहिला प्रयोग महाराष्ट्रातच, रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट या वाडीत झाला. एकखोली, एकशिक्षकी, चौथीपर्यंतची जिल्हा परिषद शाळा आणि बावीस मुले. मुलांनी यंत्र उघडले, चित्रे काढली, छायाचित्रे घेतली, एकमेकांस दाखविली. ऊसतोड कामगाराचे पोर असो की डोंगरातल्या शेतकऱ्याचे, त्यास संगणक कळत नाही हा समज तेथेच खोटा ठरला. परंतु त्याच यंत्रांची आठ लाखांहून अधिक संख्येने खरेदी करणाऱ्या पेरू देशात काय झाले? आंतर-अमेरिकी विकास बँकेने तेथील ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास करून २०१२ साली निष्कर्ष काढला, की मुलांचा यंत्राचा वापर वाढला, पण गणित आणि भाषा यांत फरक पडला नाही. शिक्षकाची तयारी, दुरुस्तीची व्यवस्था, अभ्यासक्रमाशी सांगड, यांवाचून पेट्या नुसत्या पोचविल्या गेल्या होत्या. आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत 'आकाश' टॅबलेटचे मोठ्या गाजावाजाने अनावरण झाले होते. आज ते नावही मुलांना सांगावे लागते.

बंगळुरू येथे मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्रात काम केलेल्या केंतारो तोयामा यांचे निरीक्षण याहून आम्हांस अधिक बोलके वाटते. सरकारी शाळांत एका संगणकाभोवती आठ-दहा मुले गर्दी करतात आणि माऊस एकाच्या हाती राहतो. तो एक बहुधा मुलगा असतो, आणि बहुधा वरच्या जातीतला. बाकीची मुले पाहत राहतात. यावर त्यांच्या सहकाऱ्यांनी उपाय काढला तो असा, की एकाच संगणकाला अनेक माऊस जोडावेत आणि पडद्यावर प्रत्येकाचा वेगळ्या रंगाचा बाण फिरावा. ही युक्ती मुलांना फार आवडली. पुढे तोयामा यांनी जे मत मांडले ते आपल्या चळवळीतील माणसास नवे वाटणार नाही : यंत्र समाजात जे आहे तेच वाढवते, विषमता असेल तर विषमता वाढवते, चांगला शिक्षक असेल तर त्याचे काम वाढवते. साताऱ्याचा नळ पाहिलेल्यांस हे सांगावयास अमेरिकेहून कोणी येण्याची गरज नव्हती, पण आले ते बरे झाले.

आता आमच्या काही सहकाऱ्यांच्या म्हणण्याकडे वळतो. ते म्हणतात, मुले फोनपायी बिघडली आहेत, तेव्हा संगणक तरी कशाला हवा? खुद्द अमेरिकेत संगणक कंपन्यांचे बडे अधिकारी आपली मुले पडदा नसलेल्या शाळांत घालतात, स्वीडनने छापील पुस्तकांकडे परत वळण्यासाठी पैसा दिला, मग आपण उलट्या दिशेने का जावे? यांतील माहिती खरी आहे. पण भरल्या पोटी केलेला उपवास आणि घरात दाणा नसल्यामुळे घडलेला उपवास यांस एकच नाव असले तरी ती एकच गोष्ट नव्हे. ज्या मुलाच्या घरी दोन संगणक, बापाच्या कचेरीत चार आणि मामा सॉफ्टवेअर कंपनीत, त्याने बाराव्या वर्षापर्यंत पडदा पाहिला नाही तरी त्याचे काही अडत नाही. आपल्या मुलाने बारावीपर्यंत कळफलक पाहिला नाही तर प्रवेशाचा, शिष्यवृत्तीचा आणि नोकरीचा अर्ज भरण्यासाठी त्यास सायबर कॅफेवाल्यापुढे हात जोडून उभे राहावे लागते. त्याचा पासवर्डही कॅफेवाल्यालाच ठाऊक असतो! एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र सरकारी नोकरीसाठी लागू लागले त्यास आता बरीच वर्षे झाली. त्या वर्गाची फी भरण्यासाठी मजुरीला जाणारी मुले-मुली आम्ही दरवर्षी पाहतो.

फोनचा प्रश्न मात्र खराच आहे. 'असर' सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील चौदा ते सोळा वर्षांच्या सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. त्याआधीच्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामी वापरल्याचे ५७ टक्के मुलांनी सांगितले, समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे ७६ टक्के मुलांनी. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो त्यांत स्वतःचा फोन असणारे मुलगे ३६.२ टक्के, तर मुली २६.९ टक्के. काही जण यावरून असे अनुमान काढतात, की घरोघरी फोन आला, आता गरीब-श्रीमंत हा भेद मिटला. आमचे अनुमान निराळे आहे. भेद वस्तूतून सरकून वापरात गेला आहे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालातही हेच दिसले : ज्या देशांत श्रीमंत आणि गरीब मुले जवळजवळ सारखाच वेळ इंटरनेटवर असतात, तेथेही माहिती शोधण्यासाठी व वाचण्यासाठी त्याचा वापर श्रीमंत घरांतील मुले अधिक करतात, आणि गरीब घरांतील मुले खेळ व गप्पांत अधिक राहतात. कारण उघड आहे. एका घरी बाजूला बसून 'हे असे शोध, याची खात्री करून घे' असे सांगणारे माणूस असते, दुसऱ्या घरी नसते. फोन हे पाहण्याचे, ऐकण्याचे आणि बोट सरकविण्याचे यंत्र आहे. त्यावर निबंध लिहिता येत नाही, हिशेबाचा तक्ता करता येत नाही, प्रोग्राम रचणे तर दूरच. नव्या शैक्षणिक धोरणाने (२०२०) सहावीपासून कोडिंगची भाषा केली आहे. पुण्याच्या मोठ्या शाळांत त्यासाठी रोबोटिक्सच्या खोल्या आहेत. आपल्या मुलांना पॅनेलवर कोडिंगचा व्हिडिओ दाखविला जाईल.

येथे महात्मा जोतीराव फुले यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. हंटर आयोगापुढे १८८२ साली सादर केलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले होते, की सरकारचा महसूल मुख्यतः शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो. वरच्यांना शिकवा, ज्ञान आपोआप खाली झिरपेल, हा त्या काळच्या राज्यकर्त्यांचा सिद्धांत होता. झिरपले नाही. जोतीरावांना मुलींच्या शाळेची प्रेरणा देणाऱ्या मिस फरार यांची शाळा आपल्याच नगरमध्ये होती, आणि तेथे झिरपण्याची वाट न पाहता मुलींच्या हाती थेट शिक्षण दिले जात होते. आजचा झिरपा निराळ्या वेषात आला आहे इतकेच. नवे यंत्र आधी वरच्या शाळेत, मग शहरातील मध्यम शाळेत, आणि सर्वांत शेवटी त्याचा केवळ पाहण्यापुरता अवतार आपल्या दारी.

या टिपणावर झालेल्या चर्चेत आम्ही सुचविले, की एका पॅनेलच्या किमतीत वापरलेले पण सुस्थितीतील सात-आठ संगणक मिळू शकतात. नगरच्या दोन-तीन दुकानांत चौकशी करूनच आम्ही हे बोललो होतो. त्यावर एका ज्येष्ठ विश्वस्तांनी जो प्रश्न विचारला तो आमच्या मनातून जात नाही. ते म्हणाले, "गुरुजी, आपल्या आज्याने उतरलेले कपडे घातले, आपल्या बापाने दुसऱ्याच्या जुन्या पुस्तकांवर शिक्षण केले. आता आपल्या पोरांनीही जुनेच वापरायचे का?"

हा प्रश्न टाळून पुढे जाण्याजोगा नाही. उतरलेली वस्त्रे आणि उष्टी भाकर यांचा त्याग करा, ही बाबासाहेबांची शिकवण आपल्या रक्तात आहे आणि ती तशीच राहावी. नवेकोरे, चकचकीत, भिंतभर पॅनेल पाहून ऊसतोड करणाऱ्या आईच्या डोळ्यांत जे पाणी येते तेही खोटे नाही. 'आमच्या पोराच्या शाळेतही ते आहे' असे तिला म्हणावेसे वाटते, आणि ते म्हणण्याचा तिला अधिकार आहे. परंतु उतरण म्हणजे काय? दुसऱ्याने आपल्या इच्छेने फेकलेले आणि आपण निवडीविना घेतलेले. स्वतःच्या पैशाने, पारखून, घासाघीस करून बाजारातून घेतलेली वस्तू ही उतरण नव्हे. न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना बाबासाहेब जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पोटाला चिमटा घेऊन ग्रंथ खरेदी करीत. त्या ग्रंथांवर आधी कोणाचे नाव होते, याने त्यांच्या विद्वत्तेस बाध आला नाही. उलट आम्ही असे म्हणू, की ज्या पॅनेलला आपली मुले हात लावू शकणार नाहीत, ज्यातील पाठ दुसऱ्याने निवडले आहेत आणि ज्याचे वर्गणीचे पैसे थांबले की ते बंद पडणार आहे, त्यात उतरणीचा अंश अधिक आहे. मात्र या मुद्द्यावर विश्वस्तांचे समाधान झाले नाही, हे येथे प्रामाणिकपणे नमूद करतो. ते होण्यासाठी बहुधा पहिल्या वर्षी निम्मे संगणक नवे घ्यावे लागतील. घ्यावेत. संख्या कमी झाली तरी चालेल.

केरळ राज्याचे उदाहरण यासाठी पाहण्याजोगे आहे. तेथे सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर वापरले जाते, त्यामुळे परवान्याचा खर्च नाही; आणि २०१८ पासून 'लिटल काइट्स' नावाची विद्यार्थ्यांची मंडळे दोन हजारांहून अधिक शाळांत काम करतात. वर्गातील यंत्रांची देखभाल, चित्रफिती तयार करणे, प्रोग्रामिंग, पालकांना मार्गदर्शन, ही कामे ती मुले करतात. यंत्र मुले बिघडवतील या भयाने कुलूप लावणारे आपण, आणि यंत्र मुलांनीच सांभाळावे म्हणणारे ते. आपल्या वसतिगृहात स्वयंपाकघराची पाळी मुले सांभाळतात, धान्याच्या कोठीचा हिशेब नववीचा मुलगा ठेवतो, विहिरीवरची मोटर सुरू-बंद करणारीही मुलेच. ज्या मुलांच्या हाती आपण मोटर देतो, त्यांच्या हाती माऊस देताना आपला हात का थरथरतो?

संगणकावर मुलांनी काय करावे, हेही सांगितले पाहिजे, नाही तर तो खेळाचा अड्डा होईल ही भीती योग्य ठरेल. प्रथम मराठी टंकलेखन, दहा बोटांनी. भगवंतांनी आपली शिकवण लोकांनी आपापल्या बोलीत शिकावी असे सांगितले, आणि तेराव्या शतकात संस्कृताचे दार बंद असलेल्यांसाठी याच नेवाशात प्रवरेकाठी मराठीत ग्रंथ सांगितला गेला. त्या गावच्या मुलाने संगणकावर आपले नाव रोमन अक्षरांत लिहावे, हे आम्हांस सोसत नाही. मग वाचन. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड आज इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. छापील खंडांसाठी दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर किती रांगा लागतात आणि किती जण हात हलवीत परततात, हे सर्वांस ठाऊक आहे. जात्यावरच्या ओव्यांचा जो मोठा संग्रह हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी खेड्यापाड्यांतून जमविला, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत आणि भीमरावांवरच्या ओव्याही त्यांत आहेत. त्या आता ध्वनिफितींसह ऐकता येतात. एखाद्या मुलीने त्या ऐकाव्यात, सुट्टीत आजीकडे जाऊन तिच्या तोंडच्या ओव्या ध्वनिमुद्रित कराव्यात, परत येऊन टंकित कराव्यात. नेवाशाच्या टेकाडाचे १९५४ ते ५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया यांनी उत्खनन केले, त्याची माहिती शोधून मुलांनी स्वतः नकाशा तयार करावा. हे काम करताना जे गणित, जी इंग्रजी आणि जो तर्क लागतो, तो कोणत्याही विकतच्या चलचित्र-पाठात नाही.

यासाठी माणूस लागतो. योजनेतील सर्वांत मोठा खर्च हाच धरला पाहिजे आणि तो टिपणात मुळीच धरलेला नाही. बाबासाहेब १९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले तेव्हा त्यांनी एक हिशेब मांडला होता : प्राथमिक शाळेत येणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत केवळ अठरा पोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत परततात, म्हणजे त्यांच्यावरचा खर्च वाया जातो. शिक्षणावर पुरेसा खर्च न करणे हेच खरे तर उधळपट्टीचे असते, हा त्यातील इशारा संगणकालाही लागू आहे. चार पॅनेल घेऊन शिक्षक न नेमणे ही काटकसर नव्हे. कंपनीचा तरुण पाच वर्षांनी निघून गेला तसा आपला जाता कामा नये. तो संस्थेचा, पूर्ण वेतनाचा असावा आणि शक्य तर याच शाळेतून शिकून गेलेली एखादी मुलगी असावी.

मुलींविषयी शेवटी लिहीत आहोत, पण ते महत्त्वाने शेवटचे नव्हे. सायंकाळी संगणक कक्ष उघडा ठेवला तर मुलींना तेथे पाठवावे की नाही, असा प्रश्न चर्चेत निघालाच. केरळ उच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०१९ रोजी एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीच्या बाजूने निर्णय दिला. सायंकाळी सहा ते दहा मोबाइल जमा करण्याचा वसतिगृहाचा नियम तिने मानला नाही म्हणून तिला काढून टाकण्यात आले होते. इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. आपल्या मुली शाळकरी वयाच्या आहेत, त्यांस महाविद्यालयाचा नियम जसाच्या तसा लावावा असे आम्ही म्हणत नाही. फोन जमा करण्यास आमची हरकत नाही, तो मुलांचाही जमा करावा. पण कक्षाची वेळ दोघांची एकच असावी आणि यंत्रांची वाटणी निम्मी-निम्मी. मुली मुलांच्या मागे उभ्या राहून पाहतील, अशी बैठक आम्हांस नको.

विश्वस्तांची बैठक पुढील पौर्णिमेनंतर आहे. 'चार वर्गांत चार पॅनेल' या शब्दांऐवजी कलमात 'एक खोली, वीस संगणक, एक पूर्णवेळ शिक्षिका, दरवर्षी दुरुस्तीची राखीव रक्कम, आणि रोज सायंकाळी सात ते नऊ खुला कक्ष' असे शब्द घालावेत, अशी आमची लेखी सूचना आहे. किल्ली शिपायाकडे किंवा मुख्याध्यापकांकडे न ठेवता दर महिन्यास निवडलेल्या दोन मुलांकडे व दोन मुलींकडे ठेवावी. मुलींच्या वसतिगृहापासून कक्षापर्यंतच्या वाटेवर अंधार असतो. तेथे दोन दिवे बसविण्याचा खर्चही याच कलमात धरावा.